वरचे दोन

रात्री साडेदहाला, विनी झोपल्यावर,
मी गॅसच्या बिलाच्या पाठीवर भागाकार मांडते.
वर्षाचे अकराशे चाळीस तास.
सरकार देतं ते शाळेच्या हिशेबानं,
अडतीस आठवडे, आठवड्याला तीस.
पण ग्रिम्सबीतला मासळीचा कारखाना
उन्हाळ्याची सुट्टी ओळखत नाही.
हॅडॉक काही ऑगस्टमध्ये घरी बसत नाही.

म्हणून ते तीस ओढायचे, ताणायचे,
बावन्न आठवड्यांवर पसरायचे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे पाय आहेत तेवढेच आहेत,
अंथरूणच ओढतेय मी.
डोकं झाकलं की तळवे उघडे.

बावीस येतात.
बावीसला किंचित कमी, ते किंचित मी सोडून देते.

दहा तासांचा एक दिवस, असे दोन:
सोमवार, मंगळवार.
बुधवार माझ्या बापाचा.
त्याच्याकडे विनी गाठी मारायला शिकते,
ट्रॉलरवरच्या, सुटता सुटत नाहीत अशा,
आणि माझ्या गाऊनचा पट्टा
खुर्चीच्या पायाला जखडलेला सापडतो.
महिन्यातल्या एका बुधवारी त्याच्या डोळ्यात इंजेक्शन.
त्या दिवशी शेजारची बोझेना.
ती पैसे घेत नाही, मी तिचे फॉर्म भरून देते.
गुरुवारी केलम रात्रपाळीहून येतो
आणि एक डोळा उघडा ठेवून झोपतो.
विनी म्हणते, डॅडची मगर झालीय.
शुक्रवारी मी कामाला नसते. पगारही नसतो.

उरले वरचे दोन.

दोन तासांत काय येतं?
नर्सरीत अर्धा दिवससुद्धा पाचाचा.
सुट्टे नाहीत, पुढे चला, अशा थाटात
संगणक ते दोन दर आठवड्याला गिळायचा
आणि मी मोजत राहायची,
जुलैपासून, मनातल्या मनात,
कुणीतरी उसने नेल्यासारखे.

फुकट म्हणतात त्याला.
जेवणाचे वेगळे, सनक्रीमचे वेगळे.
दर तीन महिन्यांनी पडद्यावर पुन्हा कबुली द्यायची:
होय, आम्ही दोघंही अजून कामावर आहोत.
होय, अजून श्रीमंत झालेलो नाही.
इतक्या नेमानं माझी चौकशी
माझ्या आईनंही कधी केली नाही.

नोव्हेंबरात फोलाकेला विचारलं.
नर्सरी ती चालवते, पण तेव्हा सिंकखाली वाकून
पाइपात तुंबलेली चमकी उपसत होती.
हात न पुसता म्हणाली,
"पाच आठवड्यांचे दोन-दोन साठव.
दहा होतात. अख्खा दिवस.
कुणी मागत नाही, म्हणून मी बोलत नाही."
तिच्या भुवईवर एक हिरवा ठिपका चमकत होता.
मला तो पुसावासा वाटला,
मग वाटलं, असू दे.

पहिला तसला शुक्रवार.
यादी तयार होती माझी: बॉयलरवाला, अक्कलदाढ,
बापाचे पडदे, पुढच्या वर्षीच्या शाळेचा अर्ज.
आठ वाजता विनी एकाच मोज्यावर आत पळाली,
वळूनसुद्धा पाहिलं नाही.
मी गाडीत येऊन बसले.
किल्ली हातातच राहिली.
नदीकडून धुकं येत होतं,
मागच्या सीटवर चार मनुका, एक लोकरी टोपी.
कुणी हाक मारत नव्हतं.
जरा डोळे मिटले, एवढंच.

उघडले तेव्हा पावणेबारा.
काचा आतून माझ्याच श्वासानं पांढऱ्या,
आणि मागच्या खिडकीवर,
बहुधा सोमवारी बोटानं काढलेली
विनीची एक गाठ
पुन्हा उमटून आली होती.

दहातले पावणेचार गेले.
सव्वासहा होते अजून.
यादी खिशात होती.
मी खिडकीकडे पाहत बसले.